निवृत्त पाळकाची स्मरणोपासना

वाचनासाठी शास्त्रभाग : तीमथ्याला दुसरे पत्र ४:६–२२, गणना ८:२३–२६, प्रेषितांची कृत्ये ९:३६–४२.



गेल्या महिन्यात घाटाखालच्या एका लहान मंडळीतील उपदेशक बंधूंचे पत्र मला आले. त्यांच्या गावी राहणारे एक वृद्ध निवृत्त पाळक प्रभूमध्ये झोपी गेले. मूठमाती झाली, परंतु स्मरणोपासना अद्याप व्हावयाची आहे. ती कोणत्या दिवशी ठेवावी, दहाव्या की तेराव्या? फोटोला हार घालावा काय? जेवण द्यावे लागेल काय, आणि दिल्यास खर्च कोणी सोसावा? बोलण्यासाठी कोणास बोलवावे? शेवटी ते लिहितात, "पाळकसाहेब, त्यांना निवृत्त होऊन चौदा वर्षे झाली. मंडळीतील तरुणांना त्यांनी काय सेवा केली हेच ठाऊक नाही. मग त्यांच्या जीवनाबद्दल उपकारस्तुती करावयाची ती कशाची?"

पहिले प्रश्न सोपे आहेत. त्यांची उत्तरे पुढे देतो. शेवटचा प्रश्न मात्र मला बरेच दिवस सतावत राहिला, कारण त्याच ठिकाणी माझ्या हातून एक मोठी चूक घडली आहे. ती आधी सांगणे बरे.

मी तेवीस वर्षांचा असताना एका पाळकांच्या हाताखाली सेवा शिकलो. सायकलीच्या मागे पेटी बांधून आणि गळ्यात ढोलकी अडकवून आम्ही दोघे गावोगाव जात असू. पुढे ते निवृत्त झाले व घाटाखाली एका खेड्यात दोन खोल्यांच्या घरात राहू लागले. मी घाटावर होतो. एस. टी.ने दोन तासांची वाट. ती काही फार मोठी नव्हे. तरी शेवटची दोन वर्षे माझे तिकडे जाणे झाले नाही. ते फोन करीत, मी म्हणत असे, "येतो, बाबा, नाताळ आटोपला की येतो." नाताळ आटोपला, मग वार्षिक सभा आली, मग मुलीची परीक्षा. दुसऱ्या वर्षीही तेच. आणि एके दिवशी जानेवारीच्या थंडीत निरोप आला.

स्मरणोपासनेत उपदेश करण्याचे काम मजकडे आले. अशा प्रसंगी आपण सर्व जो भाग घेतो तोच मी घेतला : पौल तीमथ्याला कळवितो की त्याची लढाई लढून झाली आहे, धाव संपली आहे, विश्वास त्याने राखला आहे, आणि आता नीतिमत्त्वाचा मुगुट त्याची वाट पाहत आहे. मी आठव्या ओवीपर्यंत वाचले व पुस्तक मिटले. उपदेश चांगला झाला असे पुष्कळांनी सांगितले. मलाही तसे वाटले, हे कबूल करतो. निघताना बाबांच्या पत्नीने त्यांच्या पुस्तकांचे गाठोडे माझ्या हाती दिले आणि सहज बोलल्या, "शेवटी शेवटी त्यांना वाचता येत नव्हते. चष्म्याचा नंबर वाढला होता. कोणी खामगावला नेईल म्हणून वाट पाहत होते."

घरी आल्यावर रात्री मी तोच अध्याय पुन्हा उघडला आणि नवव्या ओवीपासून पुढे वाचला. वाचकहो, तुम्हीही आता तेच करा. मी येथे थांबतो.

त्या अध्यायात आठवी ओवी ही शेवट नाही. मुगुटाची गोष्ट संपताच वृद्ध सेवक आपल्या तरुण सोबत्याला लवकर येण्याची विनंती करतो. देमास सोडून गेला आहे. दुसरे कामानिमित्त दूर गेले आहेत. लूक तेवढा जवळ आहे. मार्काला बरोबर घेऊन यावे, तो उपयोगी माणूस आहे, असे तो सांगतो; ज्या मार्काला पूर्वी एका प्रवासात बरोबर घेण्यास त्यानेच नकार दिला होता, तोच हा मार्क. मग तेराव्या ओवीत अगदी घरगुती गोष्ट येते : त्रोवस येथे कार्पाकडे राहिलेला झगा आणावा, पुस्तके आणावी, विशेषेकरून चर्मपत्रे. आलेक्सांद्र तांबटाने पुष्कळ त्रास दिल्याचे तो लपवीत नाही. पहिल्या चौकशीच्या वेळी आपल्या बाजूने कोणी उभे राहिले नाही हेही तो सांगतो आणि त्यांच्याविरुद्ध ते मोजले जाऊ नये अशी इच्छा व्यक्त करतो. त्रफिम आजारी पडल्यामुळे मिलेतास राहिला, म्हणजे ज्याच्या हातून देवाने रोगी बरे केले त्या प्रेषिताचा सोबतीही आजारीच राहिला. आणि एकविसाव्या ओवीत पुन्हा तीच विनंती, ह्या खेपेस मुदत घालून : हिवाळ्यापूर्वी ये.

मुगुटाची आशा आणि झग्याची गरज एकाच माणसाच्या तोंडून, एकाच अध्यायात, चार ओव्यांच्या अंतराने आलेली आहे. आपण स्मरणोपासनेत मुगुटाचे वाचतो. झगा पोहोचविण्याची वेळ तेव्हा निघून गेलेली असते. बाबांना झगाही हवा होता आणि पुस्तकेही. चष्मा नव्हता म्हणून पुस्तके होती तशी नव्हती झाली. त्यांची तुटपुंजी पेन्शनही आठ महिने थकलेली होती हे मला त्या गाठोड्यातल्या कागदांवरून समजले. ज्यांनी ती द्यावयाची त्यांनी स्मरणोपासनेला मोठे पुष्पचक्र पाठविले होते. त्यांचे नाव घेण्यात अर्थ नाही, कारण मी तरी कोठे वेगळा होतो?

आता त्या उपदेशक बंधूंच्या प्रश्नाकडे वळू. निवृत्तीनंतरची चौदा वर्षे कोणत्या खात्यात धरावी?

पवित्र शास्त्रात सेवेतून निवृत्त होण्याविषयी स्पष्ट नियम, माझ्या माहितीप्रमाणे, एकाच ठिकाणी आहे. तो गणनेच्या आठव्या अध्यायाच्या शेवटी. लेव्यांनी पंचविसाव्या वर्षापासून दर्शनमंडपाच्या कामात यावे आणि पन्नासाव्या वर्षी त्या कामातून मोकळे व्हावे. (चौथ्या अध्यायात तीसपासून पन्नासपर्यंत असे आहे. यहूदी पंडित म्हणत की मधली पाच वर्षे शिकण्याची. उपदेशकांना हा प्रश्न कोणी तरी विचारतोच, म्हणून लिहून ठेवतो.) पन्नाशीचे कारण काय असावे, हे सातवा अध्याय वाचला म्हणजे कळते. तेथे अधिपतींनी सहा गाड्या व बारा बैल दिले. गेर्षोनाच्या वंशजांना पडदे व आच्छादने न्यावयाची होती, त्यांना दोन गाड्या व चार बैल मिळाले. मरारीच्या वंशजांकडे फळ्या, अडसर, खांब, त्यांना चार गाड्या व आठ बैल. कहाथाच्या वंशजांना मात्र एकही गाडी नाही, कारण पवित्र वस्तू त्यांनी खांद्यावरच वाहावयाच्या होत्या. ज्याने खांद्यावर पोती वाहिली आहेत त्याला पन्नाशीनंतरचा खांदा म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. देवाने आपल्या सेवकाचा खांदा पाहिला आणि त्याला ओझ्यातून सोडविले.

परंतु सोडविले म्हणजे घरी धाडले असे नाही. सव्विसाव्या ओवीत पुढे आहे की त्याने आपल्या भाऊबंदांबरोबर मंडपात राहून रखवालीच्या कामी त्यांना साहाय्य करावे. ओझ्याचे काम मात्र करू नये. म्हणजे वाहणाऱ्यांच्या यादीतून त्याचे नाव निघाले, राखणाऱ्यांच्या यादीत राहिले. चौथ्या अध्यायातील शिरगणती ८,५८० लेव्यांची आहे, तिच्यात पन्नाशीपुढील कोणी नाही. रखवाली करणाऱ्या म्हाताऱ्यांची गणती कोठेच दिलेली नाही. आपल्या मंडळ्यांच्या अहवालांतही ती नसते. बाप्तिस्मे किती दिले, विवाह किती लावले, मंदिरे किती बांधली, हे सर्व नोकरीच्या वर्षांत मोडते. स्मरणोपासनेत हाच अहवाल वाचून दाखविला जातो. शेवटी एक वाक्य येते : अमुक साली निवृत्त झाले. जणू त्या दिवसापासून देवानेही नोंद करणे बंद केले!

बाबांच्या स्मरणोपासनेतही असेच झाले. बोलणारे आठ जण होते. कोण कोठल्या ठाण्यावर त्यांच्याबरोबर होते ते त्यांनी सांगितले. बहुतेक बोलणे पंधरा-वीस वर्षांमागचे. समारोपाची प्रार्थना होणार इतक्यात बायकांच्या बाजूने एक म्हातारी उठली. तिचे नाव यादीत नव्हते. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले. म्हातारीने प्लॅस्टिकची पिशवी उघडली व आतले कागद एक एक काढून दाखविले : संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज, तलाठ्याचा दाखला, पासबुकाच्या झेरॉक्स प्रती. ती आपल्या मंडळीतील नव्हती. शेजारच्या आळीतली बौद्ध बाई होती. अर्ज बाबांनी भरला होता. तहसिलीत तीन वेळा ते तिच्याबरोबर बसले होते. डोळ्यांनी दिसेना तेव्हा शेजारच्या मुलाला बसवून त्यांनी मजकूर सांगितला आणि त्याने लिहिला. "असे माझ्यासारखीचे बावीस जणींचे केले त्यांनी," ती म्हणाली, "एका रुपयाचा चहा घेतला नाही." आणि खाली बसली. अध्यक्षांनी पुन्हा घड्याळाकडे पाहिले नाही.

यापो येथे दुर्कस मरण पावली तेव्हा काय झाले ते कृत्यांच्या नवव्या अध्यायात आहे. पेत्र माडीवरील खोलीत आला. सर्व विधवा रडत त्याच्याजवळ उभ्या राहिल्या आणि दुर्कशीने त्यांच्यासोबत असताना केलेले अंगरखे व वस्त्रे त्यांनी त्याला दाखविली. भाषण एकही नाही. शास्त्रातील पहिली ख्रिस्ती स्मरणसभा म्हणावी तर हीच म्हणावी लागेल, आणि तिच्यात साक्ष कापडाने दिली आहे. त्या म्हातारीने ही गोष्ट कधी वाचली नव्हती, पण तिने अगदी तेच केले. मी मात्र सेमिनरीत तीन वर्षे काढून आठव्या ओवीवर थांबलो होतो.

म्हणून उपदेशक बंधूंनो, तुमच्या गावच्या वृद्ध पाळकांची चौदा वर्षे कोठे गेली हे तुम्हांस ठाऊक नसेल तर मंडळीच्या दप्तरात शोधू नका. शेजाऱ्यांना विचारा. दवाखान्याच्या बाकावर त्यांच्याशेजारी कोण बसत असे, कोणाच्या मुलाला ते इंग्रजी शिकवीत, कोणाचे भांडण त्यांच्या ओट्यावर मिटले, हे विचारा. पौल तीमथ्याला मंडळीच्या अध्यक्षाविषयी जे लिहितो त्यात बाहेरच्या लोकांची साक्ष चांगली असावी ही एक अट आहे. ती साक्ष घेण्याची ही शेवटची संधी असते. तीही आपण आपल्याच माणसांच्या भाषणांनी भरून टाकतो.

आमच्या महाराष्ट्राच्या ख्रिस्ती इतिहासातही हेच दिसते. बाबा पद्मनजी ह्यांची दीक्षा १८६७ मध्ये झाली व त्यांनी पुण्याच्या फ्री चर्चचे पाळकपण केले. पुढे ते पद त्यांनी सोडले. १९०६ मध्ये वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी ते वारले. आज त्यांचे पाळकपण कोणाला आठवते? त्यांची लेखणी आठवते, आणि ती तर पाळकपद सोडल्यावर अधिकच चालली. शंभराच्या घरात लहानमोठी पुस्तके त्यांनी लिहिली. एका खेड्यातल्या म्हाताऱ्याच्या अर्ज भरण्याशी मी ह्याची तुलना करतो म्हणून कोणी हसू नये. दोन्ही रखवालीचीच कामे आहेत.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे उदाहरण थोडे निराळे आहे. त्यांना १९०४ मध्ये दीक्षा मिळाली, आणि १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची पगारी सेवा आपण होऊन सोडली. वय पंचावन्न, प्रकृती ढासळलेली. मग त्यांनी 'देवाचा दरबार' काढला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे ख्रिस्ताचे शिष्य एकत्र यावेत असा त्यांचा हेतु होता. दोनच वर्षे मिळाली. ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या देहाचे दहन झाले, आणि त्यांची समाधी अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, येथे आहे. (दहन केल्याने पुनरुत्थानास बाध येतो काय, असे काही उपदेशक विचारतात. ज्याने मातीपासून माणूस घडविला त्याला राखेची अडचण पडेल असे मला वाटत नाही. परंतु आपल्या मंडळ्यांत मूठमातीची रीत आहे व ती चांगली आहे.)

मला येथे टिळकांपेक्षा त्यांच्या पत्नीविषयी अधिक सांगावयाचे आहे. लक्ष्मीबाई टिळक ह्यांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून १९३६ पर्यंत चार भागांत प्रसिद्ध झाली. मराठीत कोणत्याही पाळकाची ह्याहून चांगली स्मरणोपासना झाली नाही असे माझे मत आहे, आणि ती एका विधवेने केली, जिचे शाळेतले शिक्षण झाले नव्हते. तिच्यात टिळकांचा राग आहे, विसराळूपणा आहे, घरात पैसा नसताना त्यांनी दाखविलेला उदारपणा आहे, बायकोला न सांगता घराबाहेर निघून जाणे आहे. काहीच झाकलेले नाही. आणि वाचून संपते तेव्हा वाचकाला टिळकांविषयी प्रेम वाटते. ते कमी होत नाही. आपल्या सभांमध्ये मृत सेवक असा रंगविला जातो की त्याच्या बायकोलाही तो ओळखू येऊ नये. अशा माणसाबद्दल देवाची स्तुती करता येत नाही, कारण तसा माणूस देवाने कधी निर्माणच केला नव्हता. मोशेच्या मरणाचे वर्णन अनुवादाच्या शेवटच्या अध्यायात आहे. तेथे त्याचा मोठेपणा सांगितला आहे, पण तो कनान देशात का गेला नाही हे आधीच्या अध्यायांतून खोडून टाकलेले नाही. तुमच्या पाळकांचा स्वभाव तापट असेल तर सभेत तसे म्हणण्यास हरकत नाही. सर्वांना ते माहीतच असते. मात्र ज्याचे त्यांच्याशी भांडण झाले होते त्याला त्या दिवशी व्यासपीठावर बोलवू नये. पौलानेही तांबटाचा हिशेब प्रभूवर सोपविला.

मोशेची कबर कोणास ठाऊक नाही. आपल्या जिल्ह्याच्या शेजारी, देऊळगाव राजाच्या पलीकडे जालना आहे. तेथे रेव्हरंड नारायण शेषाद्री ह्यांनी निजामाच्या मुलुखात बेथेल नावाची ख्रिस्ती वस्ती वसविली. १८४३ मध्ये बाप्तिस्मा घेतलेला हा देशस्थ ब्राह्मण मांगवाड्यांत जाऊन बसला, तेथे जेवला, तेथल्या लोकांसाठी जमीन मिळवून आला. १८९१ मध्ये समुद्रप्रवासात त्यांना मरण आले. फरशी, क्रूस, नावाचा दगड ह्यांसाठी वर्गणी काढण्यापूर्वी ह्या सेवकाचे स्मरण करावे.

आता पत्रातले राहिलेले प्रश्न.

दिवस. दहावा आणि तेरावा ह्यांच्यामागे मृताच्या आत्म्याला गती मिळावी हा विचार आहे. पिंड, कावळा, सुटका, ही सर्व त्यातलीच. आपल्या प्रियजनाची सुटका कालवरीवर झालेली आहे. आपल्या प्रार्थनेने त्यात भर पडत नाही, आणि आपल्या उपासनेत काही राहून गेल्यास त्यात उणेही पडत नाही. हे नवीन बंधूंना नीट समजावे, कारण घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आत कोठे तरी भीती असते. दिवसात पाप नाही. परंतु तेराव्याच दिवशी ठेवली की शेजारी तिला तेरावे म्हणतात, आणि पुढल्या पिढीत ती तेरावे होऊन बसते. म्हणून पुढचा रविवार घ्यावा. पुण्यामुंबईहून मुले येणार असतील तर महिना झाला तरी चालेल. अहरोनासाठी व मोशेसाठी इस्राएलाने तीस-तीस दिवस शोक केला.

शोकाविषयी एक गोष्ट. हल्ली कित्येक ठिकाणी असे सांगितले जाते की ख्रिस्ती माणसाने रडू नये, हा आनंदाचा सोहळा आहे. थेस्सलनीकाच्या मंडळीला पौल आशाहीन लोकांसारखा शोक करू नका असे सांगतो. शोकच करू नका असे सांगत नाही. स्तेफनासाठी भक्तिमान लोकांनी मोठा विलाप केला. ज्या बाईने पंचेचाळीस वर्षे संसार केला तिला टाळ्या वाजविण्यास सांगणे ही क्रूरता आहे.

फोटो मेजावर ठेवावा. हार, उदबत्ती, समई आपण लावू नये. परंतु गावचा सरपंच किंवा शेजारी प्रेमाने हार घेऊन आला तर तो त्याच्या हातून हिसकावून घेऊ नका. नम्रपणे घ्यावा व मेजाच्या कडेला ठेवावा. त्याच्या मनात आदर आहे. चौकातल्या फ्लेक्सविषयी मी फार बोलणार नाही. एका गावी मृत पाळकाच्या फोटोपेक्षा शुभेच्छुकांचे फोटो मोठे होते, आणि त्यातल्या एकाने काळा चष्मा घातला होता.

जेवण. कर्ज काढून जेवण देऊ नये, हे मी मंडळीच्या वडीलमंडळींना हात जोडून सांगतो. आपल्याकडे शेजारी व सोयरे शोकघरी कडू घास आणतात. ही फार सुंदर रीत आहे. अबनेराच्या मरणानंतर लोक दाविदाला जेवू घालावयास आले होते. ज्याच्या घरी दुःख त्यानेच गावाला जेवू घालावे ही रीत तिच्या अगदी उलटी आहे. दुरून आलेल्यांसाठी मंडळीने खिचडी करावी, प्रत्येक घरातून तांदूळ व डाळ गोळा करून.

बोलणारे चार पुरेत, आणि त्यांतला एक बाहेरचा असावा. मुलाला किंवा मुलीला बोलावयाचे असल्यास त्यांना आधी वेळ द्यावा. पत्नीला बळेच उभे करू नये. परंतु तिला विचारावे.

आणि तिच्याविषयीच आणखी थोडे लिहितो, कारण पत्रात तिचा उल्लेखच नव्हता. बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे, लग्नकार्यात मागे बसविणे, ह्या गोष्टी आपल्या घरांतून गेल्या आहेत असे आपण समजतो. त्या पूर्ण गेलेल्या नाहीत. बाबा पद्मनजींनी १८५७ मध्ये 'यमुनापर्यटन' लिहून विधवांची दशा मांडली. त्यानंतर १६५ वर्षांनी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने ह्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि राज्य शासनाने इतर गावांनीही तसे करावे असे परिपत्रक काढले. ज्या लोकांमध्ये पद्मनजी होऊन गेले त्यांनी हे ग्रामपंचायतीकडून शिकावे ही शरमेची गोष्ट आहे. पाळकाची पत्नी तर बहुधा मिशनच्या किंवा मंडळीच्या घरातच आयुष्य काढते. स्वतःचे घर नसते. स्मरणोपासना होण्यापूर्वी वडीलमंडळींनी बसून ठरवावे की ती कोठे राहील, आणि थकलेले पैसे असतील तर ते कोण, कोणत्या महिन्यात आणून देईल. हे ठरल्यावर मग गाण्यांची निवड करावी.

पौल वडिलांना दुप्पट मान देण्यास सांगतो व लगेच मळणीच्या बैलाला मुसके न बांधण्याविषयीचे वचन घेतो, म्हणजे मानाबरोबर वैरणही त्यात आली. आता मळणी यंत्राने होते, पण पोळा आपल्याकडे अजून आहे. त्या दिवशी म्हाताऱ्या बैलालाही धुऊन, शिंगे रंगवून, पुरणपोळी खाऊ घालतात, जरी त्याने त्या वर्षी एक तासही ओढला नसला तरी. कोणी शेतकरी असे म्हणत नाही की हा निवृत्त आहे.

उपासनेचा क्रम असा ठेवता येईल. गायनाने आरंभ, उपकारस्तुतीची प्रार्थना, मग दुसऱ्या तीमथ्याचा चौथा अध्याय सहाव्या ओवीपासून बाविसाव्यापर्यंत, मध्ये न थांबता. त्यानंतर त्या सेवकाने वापरलेल्या वस्तू कोणी तरी पुढे आणून दाखवाव्यात : सायकलीची पिशवी, खुणा केलेले पवित्र शास्त्र, त्याने लिहिलेले अर्ज, शिकविलेल्या मुलाची वही. साक्षी, उपदेश, गायन, आशीर्वाद. त्या दिवशीची दानार्पणे कशासाठी हे आधीच जाहीर करावे. माझ्या मते ती पत्नीसाठी असावीत, आणि तिला गरज नसेल तर त्याच तालुक्यातील हयात असलेल्या निवृत्त सेवकांसाठी.

उपदेशक बंधू लिहितात की असे दोघे त्यांच्या फेरीत आहेत. एकाच्या घरावरील पत्रे गेल्या पावसाळ्यात उडाले आहेत. दुसऱ्याला मोतीबिंदू आहे आणि जिल्हा रुग्णालयात नेण्यास बरोबर कोणी नाही. मी पुढल्या गुरुवारी सकाळच्या गाडीने घाट उतरून त्यांच्याकडे जात आहे. मोतीबिंदूवाल्या वडिलांना शुक्रवारी बुलढाण्यास आणीन. पत्र्यांसाठी मलकापूर किंवा मोताळ्याकडील कोणा बंधूची हातगाडी अथवा छोटा टेम्पो मिळाल्यास बुधवारपर्यंत कळवावे.